भिंत पाडायची आहे. पण वरचा स्लॅब टेकलाय कशावर?

प्रश्न : आमचं घर तळमजला आणि वर एक मजला असं, 28 वर्षांपूर्वी बांधलेलं. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधली भिंत काढून एकच मोठी खोली करायची आहे. भिंत साडेचार मीटर लांब, गिलाव्यासकट साडेचौदा सेंटीमीटर जाड. बाहेरच्या भिंती 26 सेंटीमीटर भरतात. बैठकीची खोली 3.3 मीटर रुंद, स्वयंपाकघर 3 मीटर. छत दोन्हीकडे सपाट, बीम कुठेही खाली आलेला दिसत नाही. वरच्या मजल्यावर याच रेषेत दोन खोल्यांमधली भिंत आहे, त्यावर गच्ची. जिन्यापाशी स्लॅबची कड दिसते, ती फरशी धरून 18 सेंटीमीटर आहे. नकाशे सापडत नाहीत. गवंडी म्हणतात, "साडेचार इंची भिंत भार घेतच नाही, दोन दिवसांत मोकळं करून देतो." माझे दीर म्हणतात, आधी खात्री करा. ठोकून पाहिलं तर आवाज भरीव येतो. खात्री करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर : गवंड्यांना तूर्त थांबवा. तुम्ही पाठवलेल्या मापांवरून ही भिंत भार घेते आहे असं दिसतं. एकच शक्यता अशी आहे, की ती खरी निघाली तर हा निष्कर्ष उलटेल. ती तपासायला अर्धा तास आणि एक ड्रिल मशीन पुरतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

"साडेचार इंची भार घेत नाही, नऊ इंची घेते" हे बांधकामावर सर्रास ऐकू येतं. कॉलम-बीमच्या इमारतीत बाहेरची नऊ इंची भिंतसुद्धा बहुतेक वेळा नुसती भरणी असते, म्हणजे भार न घेता मधली जागा बंद करते. उलट, लोड बेअरिंगच्या, म्हणजे कॉलमऐवजी भिंतींवरच स्लॅब टेकलेल्या घरात आतली साडेचार इंची भिंत वर्षानुवर्षं स्लॅब पेलत उभी असते. तशी ती बांधायला नको होती, हा भाग वेगळा. अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेल्या इमारतींत तर जेमतेम 10 ते 16 सेंटीमीटरच्या काँक्रीटच्या भिंतीच अख्खी इमारत धरून असतात. जाडीवरून वीट आडवी लावली की उभी, एवढंच कळतं. ठोकून पाहण्याचंही तसंच. त्यातून भिंत पोकळ पाट्यांची आहे की भरीव, इतकंच समजतं, आणि भरीव भिंत दोन्ही प्रकारची असू शकते.

म्हणून भिंतीकडे बघण्याआधी छताकडे बघा आणि एकच प्रश्न विचारा : ही भिंत नसती तर हा स्लॅब कशावर टेकला असता? उत्तरादाखल एखादा बीम, एखादा कॉलम, दुसरी भिंत बोटाने दाखवता आली तर पुढे बोलता येईल. दाखवता आली नाही तर ही भिंतच तो आधार आहे.

तुमच्या घरात हा प्रश्न मापांनी सुटतो. जिन्यापाशी 18 सेंटीमीटर भरलेल्या कडेतून फरशी आणि तिच्याखालचा मसाला यांचे साधारण 5 आणि छताच्या गिलाव्याचा 1 वजा करा. स्लॅब उरतो 12 सेंटीमीटरचा. घरगुती स्लॅब गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, साधारण पंचविसाव्या ते तिसाव्या भागाइतका जाड ठेवतात. 3.3 मीटरच्या गाळ्याला हे गणित 11 ते 13 सेंटीमीटर देतं. तुमचा स्लॅब बरोबर तेवढाच आहे. मधली भिंत नाही असं धरलं तर गाळा होतो जवळजवळ 6.4 मीटर आणि स्लॅब लागतो 21 ते 26 सेंटीमीटरचा. "स्लॅब आडवा न टेकता लांबीच्या बाजूने टेकत असेल" असं कुणी म्हणेल. त्या बाजूचा गाळा साडेचार मीटरचा, त्यालाही 15 ते 18 सेंटीमीटर हवेत, शिवाय वरची भिंत त्याच्या डोक्यावर आहेच. ज्याने हा स्लॅब ओतला त्याने मधली भिंत आधार धरूनच जाडी ठरवली, असा याचा सरळ अर्थ.

छताच्या पोटात बीम लपलेला असेल, अशी आशाही इथे सोडा. स्लॅबच्याच जाडीत बीम लपवतात हे खरं, पण 12 सेंटीमीटरच्या उंचीत साडेचार मीटर गाळ्याचा आणि वरून भिंत वाहणारा बीम बसत नाही. कितीही सळ्या कोंबल्या तरी नाही.

राहिली ती एक शक्यता : उलटा बीम. म्हणजे स्लॅबच्या खाली न येता वर निघालेला, वरच्या मजल्याच्या भिंतीच्या पायथ्यात दडलेला. खालचं छत सपाट दिसावं म्हणून असा बीम कधीकधी देतात, आणि तुमच्या वरच्या भिंतीची रेष खालच्या भिंतीवर तंतोतंत येते आहे. बीम असेल तर तो त्या भिंतीच्या तळच्या 30-40 सेंटीमीटरमध्ये असणार.

तो शोधायला 6 मिलिमीटरचा दगडी ड्रिलबिट घ्या. आधी त्या भागाची वीज मुख्य बटणावरून बंद करा आणि ड्रिलसाठी जोडणी दुसऱ्या भागातून लांब वायरने आणा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळांच्या रेषेत भोक पाडू नका; नळ्या बहुधा तशाच उभ्या गेलेल्या असतात. वरच्या मजल्यावर, स्कर्टिंगच्या वर, जमिनीपासून 15, 25 आणि 40 सेंटीमीटरवर एकेक भोक घ्या. भोकाखाली दुमडलेला पांढरा कागद चिकटवा म्हणजे भुकटी त्यात पडेल. पहिला दीड सेंटीमीटर गिलाव्याचाच असतो, ती करडी भुकटी झटकून टाका. त्यापुढे पाच सेंटीमीटर आत जाईपर्यंत काय पडतं ते बघा. तांबूस भुकटी म्हणजे वीट. करडी, रवाळ, आणि बिट लोण्यासारखं आत शिरतंय, म्हणजे दोन थरांमधला सांधा. चार सेंटीमीटर वर किंवा खाली पुन्हा भोक घ्या, वीट लागेल. करडी, मैद्यासारखी बारीक भुकटी, हॅमर चालू केल्याशिवाय बिट हलत नाही आणि मधेच खडीवर आदळून थांबतं, तर ते काँक्रीट. सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत असेल तर भुकटी करडीच निघते, तिथे फसगत होते. अशा वेळी गिलाव्याचा तुकडा काढून डोळ्यांनी बघणंच बरं. सळई लागली तर बिट चिरकतं आणि लखलखीत कणी येते. तिथे लगेच थांबा, सळई कापायची नाही.

तिन्ही भोकांत वीट निघाली, तर उलटा बीम नाही आणि विषय संपला. 15 आणि 25 वर काँक्रीट, 40 वर वीट असं निघालं तर बीम आहे. मग त्याची दोन टोकं कशावर आहेत ते शोधायचं. बाहेरच्या भिंतींत त्या रेषेवर तळापासून छतापर्यंत तीन-चार उंचींवर भोकं घेऊन काँक्रीट लागलं, तर तिथे कॉलम आहे. बीम आहे पण कॉलम नाही, असंही निघू शकतं. तेव्हा तो बाहेरच्या भिंतींवर टेकलेला असतो आणि तुमची मधली भिंत खरंच भरणीची असण्याची शक्यता वाढते. फक्त शक्यता.

याला जोड म्हणून खालच्या भिंतीच्या माथ्याशी, छताला लागून, वीतभर लांब-रुंद गिलावा हलक्या हाताने काढा. भिंत आधी की स्लॅब आधी, हे इथे उघड्या डोळ्यांनी वाचता येतं. भिंत आधी बांधून तिच्यावर स्लॅब ओतला असेल तर काँक्रीट थेट विटांवर बसलेलं दिसतं. वरच्या थरात सिमेंटचं पाणी ओघळून घट्ट झालेलं असतं, किंवा विटांवर गुळगुळीत सिमेंटचा नाहीतर डांबरी कागदाचा थर असतो, आणि साच्याचे ठसे भिंतीपाशी येऊन थांबतात. स्लॅब आधी आणि भिंत मागून असेल तर साच्याच्या फळ्यांचे ठसे भिंतीच्या डोक्यावरून पलीकडे गेलेले असतात. शेवटचा थर तोडलेल्या विटांचा, तिरका किंवा उभा कोंबलेला असतो आणि वरच्या फटीत मसाला बोटाने दाबल्यासारखा भरलेला असतो. एक फोटो बांधकामाच्या जाणकाराला पाठवला तरी तो सांगू शकेल.

इथे आणखी एक खाच आहे. भरणीची म्हणून बांधलेली भिंतही पुढे भार घ्यायला लागते. काँक्रीट वर्षानुवर्षं सावकाश वाकत राहतं. वरची फट घट्ट मसाल्याने भरलेली असेल तर स्लॅब दोन-चार मिलिमीटर उतरतो आणि भिंतीवर बसतो. मग ती काढताना वर तडे जातात आणि सगळे म्हणतात, "पण ही तर पार्टिशन होती!" म्हणून भरणीच्या भिंतीलाही काढताना टेकू लावायचे असतात.

तुमच्या भिंतीवर वजन किती आहे, ते किलोत मांडून बघू. 12 सेंटीमीटर स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला 300 किलो, फरशी-मसाला 100 ते 120, माणसं आणि सामान यांसाठी 200 धरतात. झाले 620 च्या आसपास. भिंतीच्या वाट्याला दोन्हीकडची अर्धी-अर्धी खोली येते, म्हणजे 3.15 मीटरचा पट्टा. दर धावत्या मीटरला जवळजवळ 2 टन. गच्चीचा स्लॅब, कोब्यासह, जवळपास तितकेच 2 टन आणतो, कारण तो वरच्या भिंतीवर टेकलेला आहे. वरची भिंत स्वतः मीटरला सुमारे 850 किलोची. बेरीज मीटरला पाच टनांच्या आसपास. तुम्ही 3 मीटरची मोकळी जागा केलीत तर 15 टन वजनाला नवा रस्ता द्यायचा आहे.

या वजनाखालचा आधार राहिला नाही की काय होतं, याची कल्पना स्लॅबच्या आतल्या सळ्यांवरून येते. सलग स्लॅब दोन खोल्यांच्या मध्ये खाली वाकू पाहतो, म्हणून तिथे मुख्य सळ्या तळाला असतात. मधल्या भिंतीवर तो उलट, वर उचलू पाहतो, म्हणून तिथे सळ्या माथ्याला टाकतात आणि तळाच्या सळ्यांपैकी बऱ्याच त्याआधीच कापतात किंवा वर वळवतात. भिंत काढली की नेमकी तीच जागा 6.4 मीटरच्या गाळ्याचा मध्य बनते आणि सगळ्यात जास्त खाली वाकू लागते. लोखंड वरच्या अंगाला आहे, ताण खालच्या अंगाला आला. आजवर छत धडधाकट होतं म्हणून ते पुढेही राहील, हा तर्क म्हणूनच लागू पडत नाही. अशा वेळी पहिल्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. जुना स्लॅब, गिलावा, चौकटी, कपाटांच्या फळ्या मिळून काही काळ ओझं धरतात, आणि "बघा, काही झालं का?" असं म्हणायला गवंड्यांना तेवढा वेळ पुरतो.

बरं, भिंत काढता येतच नाही असं नाही. तिच्या जागी बीम येतो. पण साडेचार इंची भिंतीच्या घरात अडचण बीमची नसते, त्याच्या टोकांची असते. 15 टनांचे प्रत्येक टोकाला साडेसात टन. दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटर भिंत ठेवून तिच्या खांद्यावर बीम ठेवायचा, असा बेत बहुतेक मिस्त्री सुचवतात. गणित करू : बीमचं टोक भिंतीत 20 सेंटीमीटर शिरलं आणि वीट 11.5 सेंटीमीटर रुंद, तर टेकण्याची जागा 230 चौरस सेंटीमीटर. त्यावर 7,500 किलो म्हणजे चौरस सेंटीमीटरला 32 किलोंहून जास्त. साध्या वीटकामाला चौरस सेंटीमीटरला 5 ते 10 किलो सुरक्षित धरतात. वीट चुरगळेल, आधी गिलावा फुगेल, मग टोकाखालचे दोन-तीन थर उभे चिरतील. नऊ इंची भिंतीत ही अडचण 60 सेंटीमीटर लांब, 20 सेंटीमीटर उंच काँक्रीटचा बेडब्लॉक, म्हणजे वजन पसरवणारा ठोकळा, बीमच्या टोकाखाली घालून सोडवता येते. तिथे तेच वजन 1,380 चौरस सेंटीमीटरवर पसरतं आणि 5 ते 6 किलोवर येतं. तुमच्याकडे तो पर्याय नाही.

म्हणून तुमच्या भिंतीला दोन टोकांना लोखंडी किंवा काँक्रीटचे खांब आणि त्यांना स्वतःचा पाया लागेल. जमीन चौरस मीटरला 15 टन पेलते असं धरलं तर साडेसात टनांना अर्धा चौरस मीटर, म्हणजे साधारण 70 बाय 70 सेंटीमीटरचा पाया. तो जोत्याच्या मातीच्या भरावावर न टेकता खाली घट्ट जमिनीवर जायला हवा. फरशी उचकटून तिच्याखाली वीतभर खोल खड्डा घेऊन "पाया" भरला तर भराव बसतो, खांब दोन सूत खाली जातो आणि वरच्या भिंतीत कोपऱ्यातून तिरका तडा निघतो.

बीमचा अंदाज हवा असेल तर : मीटरला 5 टन आणि 3 मीटरचा गाळा यांना 25 सेंटीमीटर उंचीचा, मीटरला 37 किलोंचा लोखंडी आय-गर्डर जेमतेम बसतो आणि पूर्ण भाराखाली मध्यावर 5 मिलिमीटर वाकतो. हा आकडा घेऊन दुकानात जायचं नाही. खर्चाचा आणि उंचीचा अदमास यावा, म्हणून दिला. गर्डर छताखाली 25 सेंटीमीटर येणार, खोली सपाट छताची राहणार नाही, हे आत्ताच ठरवून घ्या. त्या 5 मिलिमीटरवरही लक्ष ठेवा. गर्डर नुसता जागेवर सरकवून वर मसाला भरला तर टेकू काढताच तो 5 मिलिमीटर वाकेल, स्लॅब त्याच्यामागे जाईल आणि वरच्या मजल्यावरची विटांची भिंत, जिला 2 मिलिमीटरही सोसत नाहीत, चिरेल. म्हणून गर्डरला आधीच ताण देतात : लोखंडी पाचरी किंवा छोटे हायड्रॉलिक जॅक लावून स्लॅबला वर टेकवायचं, गर्डर वाकवून घ्यायचा, आणि मग मधली 25 मिलिमीटरची फट एकास तीन सिमेंट-वाळूच्या कोरड्या मसाल्याने ठोकून भरायची. मसाला मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये, इतकाच ओला. पातळ मसाला सुकताना आक्रसतो आणि फट पुन्हा उघडते.

टेकूंचं काम मुख्य कामाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना, 60 ते 75 सेंटीमीटरवर, टेकूंची एकेक रांग. वर आडवा लोखंडी किंवा जाड लाकडी पट्टा, म्हणजे टेकूचं डोकं स्लॅबला टोचत नाही. खाली 5 सेंटीमीटर जाड फळी, नाहीतर फरशी फुटून टेकू भरावात घुसतो. 15 टन दोन रांगांत वाटले आणि 75 सेंटीमीटरवर एकेक टेकू धरला, तर रांगेत पाच येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दीड टन. लांब-आखूड होणारा स्क्रूचा टेकू जितका ताणून लांब करावा तितकं कमी वजन घेतो, म्हणून भाड्याने आणताना 3 मीटर उंचीला त्याची क्षमता किती, हे तक्त्यात पाहूनच घ्या, आणि पिन म्हणून सळईचा तुकडा घातलेला असेल तर परत करा. टेकू ओळंब्यात हवेत. वरच्या मजल्यावरही गच्चीच्या स्लॅबखाली तशाच दोन रांगा लागतात, खालच्या टेकूंच्या बरोबर डोक्यावर. नाहीतर गच्चीचं वजन वरच्या भिंतीतून थेट त्या रेषेवर येतं, जिथे तुम्ही खालून भिंत काढताय. टेकू हाताने घट्ट केल्यावर स्क्रूला पाव फेरा द्या, जास्त नाही. जोर लावून स्लॅब वर उचलला की तो माथ्याकडून चिरतो, आणि तो तडा फरशीखाली असल्यामुळे दिसतही नाही.

काम माथ्याकडून सुरू होतं. छताखालचे थर मीटरभराच्या टप्प्यांनी काढून, गर्डर बसवून, मसाला भरून, त्यानंतर खालची भिंत. नवे खांब काँक्रीटचे असतील तर ते आणि त्यांचे पाये आधी पुरे व्हावे लागतात. काँक्रीट निदान सात दिवस ओलं ठेवल्याशिवाय त्यावर वजन आणायचं नाही. तळाशी भोक पाडून भिंत एकदम ढकलून पाडायची पद्धत भरणीच्या भिंतीलाही वाईट. साडेचार मीटर लांबीची तुमची भिंत जवळजवळ पावणेचार टनांची आहे. मोठा ब्रेकर टाळा, कटरने चिरून छिन्नी-हातोड्याने काढा. ब्रेकरचा धक्का शेजारच्या जुन्या सांध्यांना सैल करतो. कोरडा मसाला भरल्यावर टेकू काढायची घाई नको. इंजिनिअर सांगतील तितके दिवस थांबा. काढताना मध्यापासून टोकांकडे, प्रत्येकाला थोडं-थोडं सैल करत, एका दिवसात सगळे नाहीत.

हे सगळं एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हाताखाली व्हायला हवं, आणि तोंडी "चालेल" हा सल्ला धरायचा नाही. त्यांच्याकडून कागदावर मागा : बीमचा आकार, टोकं कशावर, खांबांचा पाया, टेकूंची मांडणी आणि काढण्याचा क्रम. तीन वेळा ते स्वतः जागेवर आले पाहिजेत : टेकू लागल्यावर आणि पहिली वीट निघण्याआधी, गर्डर बसल्यावर मसाला भरण्याआधी, आणि टेकू काढण्याच्या दिवशी. स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते का, हेही त्यांनाच विचारा. त्यांच्या सहीशिवाय ती सहसा मिळत नाही.

ज्यांचं घर कॉलम-बीमचं आहे त्या वाचकांसाठी थोडक्यात : भिंतीच्या डोक्यावर छतातून खाली आलेला बीम दिसत असेल आणि त्याची दोन्ही टोकं कॉलममध्ये जात असतील, तर विटांची भिंत बहुधा भरणीची. पण लिफ्टभोवतीच्या आणि जिन्याच्या भिंतींत भोक पाडताना ड्रिल सगळीकडे अडत असेल तर त्या काँक्रीटच्या आहेत. त्यांना हात लावायचा नाही. जिन्याचा मधला टप्पा कितीदा तरी शेजारच्या विटांच्या भिंतीत खोचलेला असतो. पाण्याच्या टाकीखालची भिंत, माळा धरलेली भिंत, तीही तपासा. सगळ्यात फसवी म्हणजे बाल्कनीच्या मागची : बाहेर झुकलेला छज्जा किंवा बाल्कनी आतल्या बाजूला ज्या भिंतीच्या वजनाने दाबून धरलेली असते, ती भिंत वर काहीच पेलत नसते, तरी काढली की बाहेरचं टोक खाली येतं. भूकंपाच्या प्रदेशात तळमजल्याच्या सगळ्या भरणीच्या भिंती काढून पार्किंग किंवा हॉल मोकळा करणं हेही टाळायचं. त्या भिंती आडव्या धक्क्यात इमारतीला ताठ ठेवतात आणि त्या गेल्या की सगळा हेलकावा त्या एका मजल्याच्या कॉलमांवर येतो. आणि वरच्या मजल्यावर पाडकाम असेल तर राडारोडा खोलीच्या मध्यावर ढीग करून ठेवू नका; अर्धा मीटर उंच ढीग चौरस मीटरला 700 किलोंच्या घरात जातो, स्लॅब 200 साठी केलेला असतो.

लाकडी तक्तपोशीच्या घरात भिंतीऐवजी कड्यांची, म्हणजे तक्तपोशीखालच्या आडव्या लाकडांची, दिशा बघतात. कड्या भिंतीला काटकोनात असून तिच्या डोक्यावर एकमेकींवर चढवून जोडलेल्या असतील तर भिंत भार घेतेच. समांतर जात असतील तर बहुधा नाही. वरून तक्तपोशीतल्या खिळ्यांच्या रांगा कड्यांची दिशा दाखवतात.

तुमच्याकडे परत येऊ. 3 मीटरची सलग मोकळीक खरंच हवी आहे का, की स्वयंपाकघरात उजेड आणि बोलणं पोचावं एवढंच हवं आहे? दुसरं असेल तर भिंतीच्या मध्यावर, ओट्याच्या उंचीपासून वर, 1.2 मीटर रुंदीची खिडकीसारखी मोकळीक हा फार स्वस्त मार्ग आहे. वर लिंटेल, म्हणजे मोकळिकीवरचा छोटा बीम, लागेल, टेकूही लागतील, आणि टोकांखालच्या साडेचार इंची विटेचा हिशेब इंजिनिअरने करायचाच. पण 15 टनांच्या ऐवजी 6 टन वळवायचे आहेत, आणि भिंत बाकीच्या लांबीत जिथे आहे तिथे काम करत राहते. नवे पाये बहुधा टळतात.

कोणताही मार्ग धरा, आजच एक करा. वरच्या मजल्यावरच्या भिंतीवर, खालच्या छतावर आणि दारांच्या चौकटींच्या कोपऱ्यांवर असलेले तडे शोधा. प्रत्येकाच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा, आणि दोन-तीन मोठ्या तड्यांवर प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर रुंद, 3-4 मिलिमीटर जाड पट्टी आडवी लावा. काम सुरू असताना ती रोज सकाळी बघा. पट्टी केसाएवढी जरी चिरली, तरी त्या दिवशी एकही वीट काढायची नाही. आधी टेकू तपासायचे, इंजिनिअरना बोलवायचं. टेकू निघाल्यावरही महिनाभर ती तशीच राहू द्या, रंगाऱ्यांना तोवर हात लावू देऊ नका.